सांगलीचा तुरुंग फोडून भर पावसाळ्यात उडी टाकणारा गडी पुढं चार वेळा मुख्यमंत्री झाला

जुलै संपत आला की सांगलीकरांना एक सवय लागते. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी आयर्विन पुलाची पातळी बघायची. ४० फूट म्हणजे सावध व्हायचं, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला हा आकडा ५७ फुटांच्या पुढं गेला होता आणि निम्मं शहर पाण्यात होतं, त्यामुळं आता पातळी नुसती वाचली तरी पोटात गोळा येतो.

पण पाणी अजून आवाक्यात असतं तेव्हा वेगळंच चित्र असतं. पट्टीचे पोहणारे पुलावर जमतात. दोस्त कठड्याला रेलून उभे असतात, कुणीतरी मोबाईल काढतं, आणि एकेक जण खाली गढूळ पाण्यात स्वतःला सोडून देतो. पोलीस शिट्ट्या मारतात, घरचे शिव्या देतात, पण पुढच्या पावसाळ्यात परत तेच. कृष्णाकाठच्या माणसाला पुराची भीती असते आणि खुमखुमीही असते. ही दोन्ही एकाच माणसात कशी नांदतात ते बाहेरच्याला समजत नाही.

याच सांगलीत २४ जुलै १९४३ ला भर दुपारी काही तरुणांनी एक उडी टाकली होती. ती मात्र पुलावरून नव्हती, तुरुंगाच्या तटावरून होती. मागून बंदुकीच्या गोळ्या येत होत्या. त्यांच्यातले दोघं त्या दिवशी जिवानिशी गेले. एकाच्या खांद्यात गोळी घुसली. तो वाचला आणि पुढं महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

तो गडी म्हणजे वसंतदादा पाटील.

तासगावची पोरं हे नाव लहानपणापासून वाचत असतात, पण बहुतेक वेळा पाटीवर. गावात पद्मभूषण डॉ. वसंतरावदादा पाटील महाविद्यालय आहे. तिथून सांगलीची एसटी धरली की कवठे एकंद, कुमठे, कवलापूर करत बुधगावला दादांच्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. पुढं माधवनगर ओलांडून सांगलीत शिरताना दादांनी काढलेला साखर कारखाना. पंचवीसेक किलोमीटरच्या रस्त्यात एकाच माणसाच्या तीन खुणा. आणि हा माणूस स्वतः जेमतेम सातवीपर्यंत शिकलेला.

वसंतराव बंडूजी पाटील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव पद्माळे, सांगलीच्या उशाला, कृष्णेच्या काठावर. पोरगं वर्षाचं होतंय तोवर १९१८ च्या साथीत आई-वडील दोघंही गेले आणि आजीनं त्याला वाढवलं. नदीकाठच्या गावात वाढलेल्या पोरांना पोहणं कुणी शिकवावं लागत नाही. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं जातं आणि एका उन्हाळ्यात पोरगं सुटं पोहायला लागतं. शाळा सातवीला सुटली आणि शेती सुरू झाली. मिठाच्या सत्याग्रहाचं वारं खेड्यापाड्यात पोचलं होतं, त्या वयात ते लागलं आणि कायमचं लागलं. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी पहिल्यांदा तुरुंग बघितला.

इथं त्या काळचा नकाशा थोडा समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट डोक्यात बसणार नाही. आज आपण सांगली जिल्हा म्हणतो तो तेव्हा नव्हताच. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. तासगाव मात्र थेट ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यातला तालुका. १९४९ ला सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे १९४२ च्या काळात सांगलीहून तासगावला जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. एका हद्दीत काहीतरी करायचं आणि दुसऱ्या हद्दीत गडप व्हायचं, हे भूमिगतांना सोयीचंच होतं.

ऑगस्ट १९४२ ला चले जाव आंदोलन सुरू झालं आणि पुढारी धडाधड आत गेले. मग सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघायला लागले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर हजारो माणसं चालून गेली, कचेरीवर तिरंगा चढला आणि रक्त न सांडता काम झालं. लोकांना वाटलं, जमतंय की हे. पण तासगावात जे घडलं ते परत घडू द्यायचं नाही असं सरकारनं ठरवलेलं असावं. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात ९ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळी चालली, तिथं दोघं गेले, त्यातले उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर.

एका आठवड्यात एवढं पाहिल्यावर जिल्ह्यातल्या तरुणांनी मोर्च्यांचा नाद सोडला. तारा तोडायच्या, रेल्वे रोखायची, हत्यारं मिळवायची. यातूनच पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, लोकांच्या तोंडी ते पत्री सरकार झालं. तासगाव तालुक्यातलं तेव्हाचं कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. तिथल्या जी. डी. बापू लाड यांच्या सेनेचं नावच तुफान सेना होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती याच मंडळींनी.

वसंतदादा सांगली भागात हेच काम करत होते. त्यांचा गट वेगळा होता, पण माणसं, निरोप आणि लपायची घरं यांचं जाळं सगळ्यांना मिळूनच वापरायला लागायचं. तारा कापणं, बॉम्ब तयार करणं, पिस्तुलं मिळवणं यात त्यांचं नाव पोलिसांच्या यादीत वर गेलं. १९४३ मध्ये ते सापडले आणि सांगलीच्या तुरुंगात आले.

हा तुरुंग कुठं होता, तर गणेशदुर्गात. सांगली संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी बांधलेला हा भुईकोट. भोवती तट, तटाबाहेर खंदक. राजवाडा आत, कचेऱ्या आत आणि तुरुंगही आत. भुईकोटाची सगळी भिस्त खंदकावर असते. उन्हाळ्यात त्यात फारसा दम नसतो, पण आषाढ-श्रावणात तो भरला की आत जाणं आणि बाहेर पडणं दोन्ही अवघड होऊन बसतं.

आता साधा विचार केला तर तुरुंग फोडायचा असेल तर पावसाळा टाळायला पाहिजे. खंदक भरलेला, काळ्या रानात पाय घोट्याच्या वर रुततो, आणि पुढं कृष्णा. त्यात तेव्हाची कृष्णा म्हणजे आजची नव्हे. कोयना धरणाचं काम सुरू व्हायला अजून दहाएक वर्षं होती. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात पडलेला पाऊस कुठंही न अडता थेट खाली यायचा. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेलाही पूर असला की ती कृष्णेचं पाणी पुढं सरकू देत नाही, आणि सांगलीत पाणी फुगत जातं. वरून संथ दिसतं, पण आत ओढ असते, भोवरे असतात, वाहून आलेली झाडं असतात. जाणता पोहणारा अशा पाण्यात सरळ पलीकडं जायचा प्रयत्न करतच नाही. तो पाण्याबरोबर तिरका वाहत जातो आणि अर्धा-एक मैल खाली जाऊन काठाला लागतो.

पण हेच पाणी पोहणाऱ्याच्या बाजूनंही असतं. पाठलाग करणारा शिपाई पुरात उडी टाकणार नाही. खंदक ओलांडला, नदी गाठली आणि एकदा पलीकडं गेलं की खेड्यापाड्यात कुणीही घरात घेईल. काठावर वाढलेल्या पोरांना पावसाळ्यातलं पाणी भिंतीसारखं नाही, तर वाटेसारखं दिसत असणार.

वसंतदादांबरोबर डझनाहून जास्त सोबती होते. हिंदुराव पाटील, अण्णासाहेब पत्रावळे, बाबूराव जाधव, जिनाप्पा खोत ही त्यातली नावं. पंचविशीच्या आगेमागेची पोरं. दादा स्वतः २५ वर्षांचे. चळवळीत एकत्र पडलेली ही दोस्तमंडळी, आणि कट रचायचा म्हणजे एकमेकांवर जीव टाकायचा.

२४ जुलैच्या दुपारी त्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली, त्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या आणि तट गाठला. रात्र नाही, अंधार नाही, भर दिवसा. तटावरून खाली खंदकात उड्या पडल्या. पाण्यातून बाहेर येऊन सगळे नदीच्या दिशेनं सुटले. मागं धोक्याची हाकाटी झाली आणि पोलीस बंदुका घेऊन निघाले.

पुढचं सगळं थोड्या वेळात झालं. पावसानं भिजलेलं रान, पायाला चिकटणारी काळी माती आणि पाठीमागून गोळीबार. या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे गेले. बाबूराव जाधव गेले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि रक्तानं माखलेल्या अवस्थेत ते पकडले गेले. हिंदुराव पाटीलही हाती लागले.

सांगलीत दर २४ जुलैला या घटनेची आठवण काढली जाते. पत्रावळे आणि जाधव यांना हार घातले जातात. पण या उडीची गोष्ट सांगताना लोक बऱ्याचदा दादांवर येऊन थांबतात, कारण ते पुढं मोठे झाले. त्या दुपारी तटावर उभं असताना कोण मोठं होणार आणि कोण काठावरच संपणार हे कुणालाच माहीत नव्हतं. गोळी चार बोटं इकडंतिकडं झाली असती तर वसंतदादाही आज एखाद्या चौकातल्या हुतात्मा स्तंभावर तिसरं नाव म्हणून राहिले असते.

दादांना १३ वर्षांची शिक्षा झाली. ती पूर्ण भोगावी लागली नाही. १९४६ ला स्वातंत्र्य दारात आलं होतं, राजकीय कैदी सुटायला लागले आणि तेही बाहेर आले. वय २८.

तुरुंग फोडलेल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथंच संपते. मग सत्कार, पेन्शन आणि १५ ऑगस्टचं भाषण. वसंतदादांची गोष्ट मात्र १९५२ नंतर वेगळ्याच दिशेला गेली. ते सांगलीतून आमदार झाले, आणि विधानसभेपेक्षा जास्त जीव त्यांनी उसात घातला.

१९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला होता. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, शेतकऱ्यांनीच ऊस घालायचा आणि कारखान्याचे मालकही तेच. कृष्णाकाठी हे करायचं तर पाणी होतं, जमीन होती, फक्त शेतकऱ्याचा विश्वास नव्हता. घरातलं सोनं मोडून शेअर घे म्हणणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? दादा गावोगाव फिरले. खांद्यावर गोळी झेललेला माणूस पैसे खाणार नाही, एवढी एकच हमी लोकांना पुरली असावी. सांगलीचा कारखाना उभा राहिला आणि एका काळी आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत त्याची गणना होत होती. पुढं पुण्याजवळ मांजरीला १९७५ ला साखर संशोधनाची संस्था निघाली, त्यामागंही तेच होते. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ऊसवाल्यांच्या घरात तिच्या नावाशिवाय बेण्याची चर्चा होत नाही.

१९६७ ला पद्मभूषण मिळालं. त्याच सुमारास ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९७२ ला पाटबंधारे मंत्री झाले, नेमकं राज्यात भीषण दुष्काळ पडलेला असताना. पुढं शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि दादांना मंत्रिमंडळातून डच्चू मिळाला. १९७६ ला त्यांनी राजकारण संन्यास जाहीर करून टाकला. सांगलीकर हळहळले, विरोधक खूश झाले.

हा संन्यास वर्षभरही टिकला नाही. आणीबाणीनंतर १९७७ च्या लोकसभेत काँग्रेस आपटली, महाराष्ट्रातही दणका बसला, आणि पक्षाला सावरायला माणूस हवा होता. मे १९७७ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाले. पहिलाच काळ खडतर. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप याच काळातला, जुने कर्मचारी अजून त्याच्या आठवणी काढतात.

१९७८ च्या विधानसभेला काँग्रेसची दोन शकलं झाली होती. निवडणुकीत जनता पक्ष सगळ्यात मोठा ठरला, पण बहुमत कुणालाच नाही. मग दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हे सरकार चार महिन्यांत पडलं. जुलै १९७८ मध्ये शरद पवार सुमारे ४० आमदार घेऊन बाहेर पडले आणि ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राच्या राजकारणात पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग तेव्हापासून जो रुळला तो आजतागायत निघालेला नाही. योगायोग बघा, दादांच्या आयुष्यातली ही दुसरी मोठी घटनाही जुलैमधलीच.

१९८० ला ते सांगलीतून खासदार म्हणून दिल्लीला गेले. फेब्रुवारी १९८३ ला परत मुख्यमंत्री होऊन आले, आणि या वेळचे निर्णय आजही आपल्या घरात शिरलेले आहेत.

त्यातला सगळ्यात मोठा विनाअनुदानित कॉलेजांचा. तोवर राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या होत्या. मार्क थोडे कमी पडले की ऐपतवाल्या बापाचं पोरगं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायचं आणि बाकीचे गप घरी बसायचे. सातवी शिकलेल्या मुख्यमंत्र्यानं ठरवलं की सरकारकडं पैसा नसेल तर खासगी संस्थांना कॉलेज काढू द्यावं. १९८३ पासून राज्यभर कॉलेजं उगवली. बुधगावचं कॉलेज त्याच साली निघालं. कवठे एकंदच्या किंवा सावळजच्या पोराला सायकल-एसटीच्या अंतरावर डिग्री मिळायला लागली, पुढं पुण्याच्या आयटी कंपन्यांत जी मराठी पोरं भरली त्यांतली बरीच या कॉलेजांतून गेलेली.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. याच निर्णयातून शिक्षणसम्राट नावाची जमात तयार झाली. देणग्या, फीचे भडकते आकडे, कारखान्याच्या चेअरमनचंच कॉलेज आणि त्याचीच बँक. दादांना हे अभिप्रेत होतं का हा वाद घालता येईल, पण दार त्यांनी उघडलं होतं आणि त्यातून दोन्ही प्रकारची माणसं आत आली.

पाणी अडवायची आणि ते जमिनीत जिरवायची मोहीम याच काळातली. नालाबांध, पाझर तलाव, पाणलोट हे शब्द सरकारी कागदातून गावाच्या पारावर आले. तासगावचा पूर्व भाग बघितला की याचं महत्त्व लगेच समजतं. पश्चिमेला कृष्णाकाठ हिरवागार आणि पूर्वेला सावळजकडं गेलं की पावसाची वाट बघणारी माळरानं. द्राक्षबागा जगवायला टँकर लावणारी माणसं तिथलीच. विभागांचा अनुशेष मोजायला वि. म. दांडेकरांची समितीही १९८३ ला त्यांच्याच सरकारनं नेमली. पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यानं स्वतःच्या भागाला किती जास्त मिळालं ते मोजायला माणूस बसवला, हे राजकारणात सहसा घडत नाही.

मार्च १९८५ मध्ये त्यांनी चौथ्यांदा शपथ घेतली आणि तीन महिन्यांच्या आत राजीनामा दिला. राजीव गांधींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, दादांना विचारलंच नाही, आणि दादांनी खुर्ची सोडली. त्याच उन्हाळ्यात मुंबई महापालिकेची निवडणूक झाली होती. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा डाव आहे असं दादा बोलून गेले आणि त्याचा सगळा फायदा शिवसेनेला होऊन पालिका सेनेच्या ताब्यात गेली. दादांची जीभ घसरली की त्यांनी दिल्लीला मुद्दाम झटका दिला, यावर जुने पत्रकार अजून दोन गटांत भांडतात.

मग राजस्थानचं राज्यपालपद. नोव्हेंबर १९८५ ला ते जयपूरला गेले. राजभवनातलं प्रोटोकॉलचं जगणं आणि धोतर-टोपीतला हा माणूस यांचं जमणं कठीणच होतं. ऑक्टोबर १९८७ ला पद सोडून ते परत आले. १ मार्च १९८९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ७१.

त्यांनी उभा केलेला सांगलीचा कारखाना नंतर कर्जात बुडाला आणि अलीकडच्या वर्षांत भाड्यानं चालवायला द्यावा लागला. गणेशदुर्गाचा खंदक आता तसा राहिलेला नाही, शहर त्याच्यावर चढून बसलंय. तुरुंग मात्र अजूनही राजवाड्याच्या आवारातच आहे.

दादांची समाधी सांगलीत कृष्णेच्या काठावर आहे. पूर मोठा आला की पाणी तिथंही चढतं.